मिरचीचा शेंडा परत परत बोकडतोय? औषध फवारण्याआधी हे क्रमाने तपासा

मिरचीचा शेंडा आखडलाय, नवी पानं गोळा होऊन येतायत, फुलं लागतात आणि गळून जातात. असे फोटो मला वर्षभर येत राहतात. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याहून, पावसाच्या उघडिपीत कोकण-गोव्यातून, थंडी सरताना पुण्या-नाशकातून आणि ऐन जानेवारीत लंडनच्या एखाद्या फ्लॅटच्या खिडकीतूनही. फोटोखाली प्रश्न ठरलेला असतो : कुठलं औषध मारू?

माझं उत्तरही ठरलेलं आहे. आज काहीच मारू नका, आधी पान उलटं करून बघा.

चुरडा-मुरडा किंवा बोकड्या ही एकच भानगड नसते. पाणी कमी पडलं तरी मिरचीचं पान मुरडतं आणि खत जास्त झालं तरी मुरडतं. फुलकिड्यांनी मुरडतं, कोळी नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीने मुरडतं, पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूने मुरडतं, शेजारच्या रानात मारलेल्या तणनाशकाच्या वाऱ्यानेही मुरडतं. यातल्या एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे लोक महिनोन्महिने फवारत राहतात, झाड तसंच राहतं आणि शेवटी "आमच्याकडे मिरची होतच नाही" असं ठरवून मोकळे होतात. मिरची होते. गच्चीवर होते, बाल्कनीत होते, दहा-बारा इंची कुंडीत होते. फक्त कारण नीट शोधावं लागतं, आणि त्यासाठी सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही.

लक्षणं नीट बघून घ्या

तुमचं झाड यातल्या कशात बसतं ते आधी ठरवा. दोन गोष्टी मिसळलेल्याही असू शकतात.

दुपारी पानं मिटतात किंवा मान टाकतात, ऊन उतरलं की पुन्हा सरळ होतात. पानाचा रंग, जाडी, आकार यात काही बदल नाही.

कोवळ्या पानांच्या कडा वरच्या दिशेने वळल्यात, पान होडीसारखं खोलगट झालंय, पाठीवर चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे आहेत. फुलं गळतात.

पानाच्या कडा खालच्या दिशेने वळल्यात, म्हणजे होडी पालथी पडलीय. पान अरुंद, लांबट आणि जाडसर झालंय, देठ प्रमाणाबाहेर लांबलाय, पाठ तांबूस आणि चकचकीत दिसते. मिरच्या लागल्याच तर सालीवर खरबरीत तपकिरी चट्टे येतात.

पानं बारीक, वर वळलेली, शिरा जाडसर आणि पिवळट. दोन पेरांमधलं अंतर कमी होऊन झाड झुडपासारखं गच्च झालंय. वाढ थांबलीय.

पानं चिकट लागतात, खालच्या पानांवर काळा थर बसलाय, कुंडीवर मुंग्यांची रांग आहे.

पानं पंख्यासारखी चिंचोळी झालीत, शिरा एकमेकींना समांतर दिसतात, शेंडा पिळवटलाय. आणि हे एका रात्रीत, बागेतल्या बऱ्याच झाडांवर एकदम झालंय.

पान कुठल्या वयाचं आहे हेही बघा. फक्त जुनी, खालची पानं वळली असतील आणि शेंडा निरोगी असेल तर घाई करू नका. तो ताण बहुधा होऊन गेलेला असतो. शेंडा बिघडलेला असेल तर कारण आत्ता, या आठवड्यात चालू आहे. हा फरक समजला की निम्मी फवारणी वाचते.

पहिली तपासणी : संध्याकाळपर्यंत थांबा

दुपारी दोनला काढलेल्या फोटोवरून कोणी निदान करू नये. कडक उन्हात मिरची पानं वळवून बाष्प वाचवते. तो आजार नव्हे. सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे पुन्हा बघा. पानं सरळ असतील तर फक्त उष्णतेचा प्रश्न आहे.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या कुंडीत मुळं अक्षरशः भाजतात. कुंडीच्या बाहेरच्या भिंतीला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर मुळांचं काय होत असेल! कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळीवर उचलून ठेवा, एकमेकींना चिकटवून ठेवा म्हणजे बाहेरच्या कडा कमी तापतील, मातीवर पाचट किंवा वाळलेल्या पानांचं आच्छादन द्या, आणि दुपारच्या उन्हाला पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा. पुण्यात हीच जाळी एप्रिल-मे पुरती बस होते. कोकणात ती जूनआधी काढाच, नाहीतर पावसाळ्यात आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो.

कडक उन्हाळ्यात मिरचीची फुलं गळणं हेही उष्णतेमुळेच होतं. त्यासाठी टॉनिक विकत आणू नका. तापमान उतरलं की फळं आपोआप धरतात.

दुसरी तपासणी : बोट मातीत, मग कुंडी उचला

बोट दोन पेरं आत घाला. वर कोरडं, आत ओलसर असेल तर ठीक. आतही कोरडं असेल तर पाणी कमी पडतंय. आत चिखल असेल आणि आंबूस वास येत असेल तर पाणी जास्त झालंय, मुळं गुदमरलीत. दोन्ही वेळा पान मुरडतं. मूळ कोरडं असो वा कुजलेलं, वर पाणी चढत नाही, म्हणून लक्षणं सारखीच दिसतात. "कोमेजलंय, अजून पाणी घालू" या विचारापायी पावसाळ्यात सगळ्यात जास्त झाडं जातात.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंड्यांचा एक त्रास वेगळा सांगायला हवा. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं, ताटलीत पाणी दिसतं आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. अशा वेळी कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावरही हलकी लागत असेल तर ती आतून कोरडी आहे. अख्खी कुंडी अर्धा-एक तास पाण्याच्या टबात बसवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. आणि नवी विटेसारखी कोकोपीटची लादी भिजवल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घ्या. त्यात क्षार असतात आणि त्यांनी पानांच्या कडा करपतात.

पाणी बरोबर केल्यावर चार-पाच दिवसांत नवा शेंडा सरळ यायला लागला तर पुढचं काही करायची गरज नाही.

तिसरी तपासणी : पान उलटं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मिरचीचे बहुतेक शत्रू पानाच्या पाठीमागे राहतात, आणि आपण मात्र झाड वरून बघतो आणि वरूनच फवारतो.

शेंड्याजवळची चार-पाच पानं उजेडात उलटी धरा. हिरवट किंवा काळपट, गोलसर, सावकाश हलणारे किडे घोळक्याने बसलेले असतील तर तो मावा. चिकटपणा आणि मुंग्या त्याच्याच. झाड हलवल्यावर पांढरं काहीतरी भुर्रकन उडून परत पानाखाली बसत असेल तर ती पांढरी माशी. कापसासारखे पांढरे पुंजके देठाच्या बेचक्यात असतील तर पिठ्या ढेकूण.

काहीच दिसलं नाही, तरी निष्कर्ष काढू नका. एक पांढरा कागद घ्या, शेंडा आणि एखादं उमललेलं फूल त्यावर धरून बोटाने तीन-चार टिचक्या मारा. कागदावर जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या, पिवळट किंवा काळपट रेघोट्या पडतील आणि चालायला लागतील. ते फुलकिडे. फुलावर टिचकी मारायला विसरू नका, कारण आता मिरचीवर दोन प्रकारचे फुलकिडे आहेत. जुना, ओळखीचा प्रकार कोवळ्या पानांवर असतो. थ्रिप्स पार्विस्पिनस नावाचा नवा फुलकिडा भारतात 2015 मध्ये पपईवर पहिल्यांदा नोंदला गेला आणि 2021 मध्ये आंध्र, तेलंगण, कर्नाटकातल्या मिरचीवर त्याने हाहाकार केला. तो फुलांत दडून बसतो. पानं बघून "काही नाही" म्हणणाऱ्याला तो सापडत नाही. एका फुलातून आठ-दहा काळपट फुलकिडे पडले तर फुलगळीचं कारण तेच.

मुरडलेल्या पानाची दिशा इथे कामाला येते. फुलकिडे पान खरवडून रस शोषतात, कडा वर वळतात. कोळी असेल तर कडा खाली जातात. फुलकिड्यांना कोरडी, उष्ण हवा मानवते, म्हणून देशावर त्यांचा जोर फेब्रुवारीपासून वाढतो. कोळ्याला उबदार दमट हवा लागते, म्हणून कोकणात आणि मुंबईच्या बाल्कन्यांत पावसाच्या उघडिपीत तो हमखास येतो. नियम म्हणून पाठ करू नका, दोन्ही एकत्र असलेली झाडंही मी पुष्कळ पाहिलीत. पण पहिला संशय कोणावर घ्यायचा ते यावरून ठरतं.

चौथी तपासणी : नुसत्या पाण्याचा फवारा

मावा, पांढरी माशी किंवा फुलकिडे दिसले की लगेच औषधाच्या दुकानात जायचं कारण नाही. सकाळी लवकर, पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. शेंडा हाताच्या तळव्यावर आडवा धरा म्हणजे मोडणार नाही. एक दिवसाआड, आठवडाभर. मावा यानेच निम्म्याहून कमी होतो, कारण खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. खूप भरलेला शेंडा खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका.

मुंग्यांचा बंदोबस्त याच वेळी करा. माव्याच्या चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्यांना हुसकावतात. मुंग्या राहिल्या की मावा परत येतो. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटल्यांत ठेवले तरी पुरतं.

पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी आणि निळे फुलकिड्यांसाठी. झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगा. त्यांनी कीड संपत नाही. पण किती आहे, वाढतेय की कमी होतेय, हे कळतं, आणि त्यासाठी ते घ्यावेतच.

पाचवी तपासणी : गेल्या महिन्यात तुम्ही काय दिलंत?

हा प्रश्न विचारला की फोनवर थोडी शांतता होते. युरिया, डीएपी, गांडूळखत, जीवामृत, सरकी पेंड, "एकाने सांगितलं म्हणून" ताक, अंड्याची टरफलं. एकाच कुंडीत सगळं! नत्र जास्त झालं की पानं गर्द हिरवी, मऊ, मोठी येतात, खाली वळतात, आणि अशा रसरशीत पानांवर मावा, फुलकिडे, कोळी तुटून पडतात. महिनाभर सगळी खतं बंद करा. कुंडीला खालून चांगला निचरा असेल तर एकदा भरपूर स्वच्छ पाणी घालून क्षार वाहू द्या.

दुसरा प्रश्न शेतकऱ्यांसाठी आणि गावातल्या परसबागेसाठी. फवारणीचा पंप कुठून आणला? उसात आणि गव्हात रुंद पानांच्या तणासाठी 2,4-डी हे तणनाशक सर्रास मारतात. मिरची, टोमॅटो, कापूस, द्राक्ष या पिकांना ते अगदी थोडं लागलं तरी शेंडा पिळवटतो. शेजारच्या उसावर वारा असताना फवारणी झाली किंवा त्याच पंपातून तुम्ही निंबोळी अर्क मारलात, तरी चिंचोळी, पंख्यासारखी पानं येतात. यावर औषध नाही. पाणी नियमित द्या, खत थांबवा, वाट बघा. मार हलका असेल तर काही आठवड्यांनी नवे फुटवे सरळ येतात. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक रंगाने तसं लिहा. धुऊन तो पुरेसा स्वच्छ होतो या भरवशावर राहू नका.

सहावी तपासणी : भिंग

इथपर्यंत कारण सापडलं नाही, आणि पान खाली वळलेलं, अरुंद, लांब देठाचं असेल, तर पिवळ्या कोळ्याचा संशय घ्या. तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढाही नसतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही. म्हणून लोक शपथेवर सांगतात की झाडावर एकही कीड नाही. शाळेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावायचं छोटं भिंग. शेंड्यातलं सगळ्यात कोवळं, अजून पूर्ण न उलगडलेलं पान उलटं करून मधल्या शिरेच्या कडेने बघा. पारदर्शक, फिकट पिवळे, लंबगोल ठिपके हळूच सरकताना दिसतील. अंडी सापडली तर खात्रीच पटते. चपटं लंबगोल अंडं, आणि त्याच्या पाठीवर पांढऱ्या बारीक टिकल्यांच्या ओळी. एकदा पाहिलं की कधी विसरत नाही.

कोळी कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. त्यामुळे दुकानदाराने "मिरचीसाठी बेस्ट" म्हणून दिलेलं इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालत नाही. ते आणि त्यासारखी कीटकनाशकं कोळी खाणाऱ्या मित्रकीटकांना मात्र मारतात. फवारल्यावर आठ-दहा दिवसांनी बोकड्या वाढला अशी तक्रार येते ती इथूनच. उबदार हवेत पिवळ्या कोळ्याची एक पिढी आठवड्याच्या आत पूर्ण होते, म्हणून चुकीच्या औषधात घालवलेले पंधरा दिवस फार महाग पडतात. आणखी एक : हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना धरून या झाडावरून त्या झाडावर जातो. माशी आटोक्यात ठेवणं हा कोळ्यावरचाही उपाय आहे.

आता औषध, आणि तेही घरगुती प्रमाणात

फुलकिडे, मावा, पांढरी माशी यांच्यासाठी निंबोळी तेल : एक लिटर पाण्याला 5 मिलि. तेल आणि पाणी थेट मिसळत नाही. आधी तेलात चमचाभर पातळ साबण घोटा, दुधाळ झालं की थोडं थोडं कोमट पाणी घालत जा. पाण्यावर तेलाचे थेंब तरंगत असतील तर ते मारू नका, पानं भाजतील. निंबोळ्या मिळत असतील तर पाच टक्के अर्क चांगला : लिटरला 50 ग्रॅम निंबोळीचा भरडा, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्याच दिवशी वापरायचा. संध्याकाळी फवारा, पानांच्या पाठीवर, शेंड्यात आणि फुलांच्या आसपास. दर सहा-सात दिवसांनी तीन वेळा. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंड्यांवर आणि फुलकिड्यांच्या मातीतल्या अवस्थेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

पिवळ्या कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं आहे. पण तीन अटी आहेत. तापमान 32 अंशांच्या पुढे असेल तर मारू नका, पानं करपतात. तेल फवारलेलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, दोन्ही एकत्र आले तरी पानं जळतात. आणि फवारताना तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा हवा. विदर्भात एप्रिलनंतर गंधकाचा नाद सोडा, तिथे त्या दिवसांत वाईट शेंडे खुडणं आणि सावली करणं हेच बरं.

झाड सुधारतंय की नाही ते मुरडलेल्या पानांकडे बघून ठरवू नका. ती कधीच सरळ होत नाहीत. कोळी मेल्यावरही त्याच्या लाळेचा परिणाम काही आठवडे टिकतो. सगळ्यात वरच्या एका पेराला सुतळीचा तुकडा सैल बांधा आणि त्याच्या वर काय येतं तेवढंच बघा. दोन-तीन आठवड्यांत सुतळीच्या वरची पानं रुंद, सपाट आली तर जिंकलात.

सातवी तपासणी : विषाणू आहे का?

पानं बारीक, शिरा जाड, पेरं आखूड, झाड खुजं, आणि वरचं सगळं करूनही नवा शेंडा तसाच. मग हा पर्णगुच्छाचा विषाणू धरून चाला. पांढरी माशी तो आणते. याला औषध नाही. कुठलंही दुकान, कुठलाही व्हिडिओ काहीही म्हणो, विषाणू शिरलेलं मिरचीचं झाड बरं होत नाही. ते उभं ठेवणं म्हणजे उरलेल्या झाडांसाठी रोगाचं कोठार ठेवणं. संध्याकाळी, माशा सुस्त असताना, झाडावर अलगद मोठी पिशवी घाला, बुडाशी बांधा आणि मुळासकट उपटा. खूप मिरच्या लागलेल्या असतील तर जीव तुटतो, मला माहीत आहे. त्या तोडून खुशाल खा, माणसाला काही होत नाही. पण झाड काढा. जवळ टोमॅटो आणि पपई असेल तर त्यांचीही पानं तपासा, माशी तिथेही पोसली जाते.

पानांवर फिकट-गर्द हिरव्या ठिगळांची नक्षी असेल तर तो वेगळा, मोझॅक गटातला विषाणू असू शकतो. त्यातला तंबाखूचा विषाणू हातांनी पसरतो. घरात किंवा माळीकाकांना तंबाखू, विडीची सवय असेल तर मिरची-टोमॅटोला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा. राग येईल असं न सांगता कारण समजावून सांगा, मग लोक ऐकतात.

पुढच्या वेळी विषाणू टाळायचा तो रोपात असतानाच. लहानपणी लागण झालेलं झाड काहीच देत नाही, मोठेपणी झाली तर थोडं तरी पीक मिळतं. म्हणून बी टाकलेला ट्रे बारीक, 40 ते 50 मेशच्या (म्हणजे एका इंचात तेवढी छिद्रं असलेल्या) कीटकरोधक जाळीखाली ठेवा. साधी मच्छरदाणी चालत नाही, पांढरी माशी तिच्यातून आत येते. नर्सरीतून रोप घेताना पान उलटं करून बघा, आणि घरी आणल्यावर आठ-दहा दिवस बाकी मिरच्यांपासून लांब ठेवा. टोमॅटोत पर्णगुच्छाला तोंड देणारे वाण आहेत, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा त्यातला एक.

आठवी तपासणी : मुळं

हे शेवटी, कारण यात झाडाला इजा होते. खुंटलेलं, पिवळट झाड कुंडीतून हळूच काढा, मुळं पाण्यात धुवा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे सूक्ष्म जंत. ते झाड काढा, ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका. मे महिन्यात ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवा, मग निंबोळी पेंड मिसळा आणि त्यात आधी झेंडू घ्या.

कोकणात आणि गोव्यात एक वेगळी तपासणी सांगतो. झाड हिरवंगार असतानाच दोन दिवसांत अख्खं मान टाकतं, संध्याकाळीही सावरत नाही. बुंध्याजवळून खोड कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ पांढरा धागा खाली उतरायला लागला तर जिवाणूजन्य मर आहे. त्या मातीत मिरची, वांगी, टोमॅटो पुढची काही वर्षं लावू नका. भेंडी, वाल, मका चालेल.

परदेशात, खिडकीत वाढवणाऱ्यांसाठी थोडं

हिवाळ्यात घरात घेतलेल्या मिरचीवर मावा येतो तो बाहेरूनच आलेला असतो, आणि आत त्याला खाणारं कोणी नसतं. झाड निम्मं छाटा, बाथटबमध्ये आडवं धरून कोमट शॉवरखाली पानांच्या पाठी धुवा, आठवड्यातून एकदा. हीटरच्या कोरड्या हवेत जाळं करणारा लाल कोळी येतो, त्यालाही हेच. आणि कमी उजेड, जास्त पाणी, बंद खोली असं जमून आलं की पानांच्या पाठीवर बारीक फोडांसारखे उंचवटे येतात, पान वाकडं होतं. ती कीड नाही. पाणी कमी करा, पंखा लावा.

आणि तुळस, कढीपत्ता? तुळशीची पानं कुरळी-करपट होत असतील तर पाठीमागे जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण आणि त्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. कढीपत्त्याचा शेंडा मुरडतो तो बहुधा सायला किडीमुळे. दोन्हीवर शेंडे खुडणं आणि निंबोळी तेल पुरतं. तुळशीची पानं खायची असतात, तिथे रासायनिक काही मारूच नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

घरच्या दोन-चार कुंड्यांसाठी वर सांगितल्यापेक्षा जहाल औषध आणू नका. डब्यावरच्या चौकोनातला त्रिकोण बघा : लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं औषध बाल्कनीत, मुलं आणि पाणी साठवायच्या टाकीजवळ येताच कामा नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, आणि ती रोज फवारणी करणारी माणसं होती. फवारताना मळमळ, चक्कर, डोळ्यांतून पाणी, घाम असं काहीही झालं तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जा. घरगुती उपाय करत बसू नका.

विक्रीसाठीचा मिरचीचा वाफा असेल आणि दहातलं एक झाडही विषाणूसारखं दिसत असेल, तर स्वतः प्रयोग न करता कृषी सहायकांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. गंधकाच्या दोन फवारण्यांनंतरही कोळी कमी होत नसेल, तर कुठलं कोळीनाशक, किती प्रमाणात आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे त्यांच्याकडूनच घ्यायचं. तणनाशकाच्या वाऱ्याने नुकसान झालं असेल तर झाडं उपटण्याआधी फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि कृषी खात्याला पाहणी करायला सांगा. फोनवर विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येतं.

त्यांच्याकडे नमुना नेताना वाळलेलं पान नेऊ नका. बिघडलेला ताजा शेंडा, एखादं फूल, एक निरोगी पान आणि मूठभर मुळाजवळची माती वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, पिशवीत पाणी घालू नका, आणि सकाळी तोडून दुपारच्या आत पोचवा. गेल्या महिन्यात काय काय दिलं, काय फवारलं, ते तारखेसह कागदावर लिहून न्या. पान बघण्याआधी ते हाच कागद मागतात.